लॉन मूव्हर सुरू होईना: माझे दीड महिन्याचे उद्योग

आधीच सांगते, मला मशीनमधलं काही कळत नाही. ज्युनिअर कॉलेजला इतिहास शिकवते. कारबोरेटर नावाची काहीतरी वस्तू गाडीत असते आणि तिच्यात "कचरा येतो", १ जूनपर्यंत माझं ज्ञान एवढंच. त्यामुळं खालचं सगळं माझ्यासारख्याच लोकांसाठी, ज्यांना येतं त्यांनी हसून सोडून द्यावं.

घर लातूरला, औसा रोडच्या बाजूला, समोर साधारण गुंठाभर लॉन. लातूर आणि लॉन म्हणलं की पुण्याचे पाहुणे हसतात, हसू द्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ना, त्या उन्हाळ्यात आमचं आधीचं लॉन पार भुसा झालं होतं, भांडी घासलेलं पाणी आम्ही संडासला साठवून ठेवायचो तिथं गवताला कोण घालतंय. मग पाच-सहा वर्षं नुसता मुरूम आणि गाजरगवत. २०२२ ला परत लावलं ते हरळीचं, नर्सरीवाला मेक्सिकन गवत घ्या म्हणून मागं लागला होता पण हरळी मरत नाही, वाळते आणि एका पावसात उठून बसते.

गवत कापायचं मशीन, म्हणजे लॉन मूव्हर, मोठ्या भावजींचं. ते पुण्याला फ्लॅटमध्ये गेले तेव्हा "घेऊन जा, फुकट आहे" म्हणून दिलं. पेट्रोलवर चालणारं, दोरी ओढून सुरू करायचं, ढकलत न्यायचं. आल्यावर एकदा चालवलं आणि मग दोन वर्षं जिन्याखाली, कारण माळीमामा यायचे आणि ५०० रुपयांत त्यांच्या कटरनं कापून जायचे. २०२५ च्या मे महिन्यातच पावसानं धुतलं, हरळी पोटरीला लागायला लागली, आणि माळीमामा गावाकडं पेरणीच्या तयारीला गेले ते फोनच उचलेनात. सासूबाईंना एक दिवस सकाळी गवतात धामण दिसली. झालं. "आगं ते मशीन हाय की, काढ बाहीर, का लेकराला चावल्यावर काढतीस?" धामण विषारी नसते हे सांगून उपयोग नव्हता.

१ जून, रविवार. मशीन काढलं, पुसलं, टाकीत बघितलं तर अर्धा टाकी पेट्रोल होतं. मला वाटलं वा, आयतंच आहे. दोरी ओढली. ओढली, ओढली, तीस-पस्तीस वेळा ओढली असेल, नवरा नांदेडला नोकरीला, शनिवारी रात्री येतो, मग त्यानं ओढली, शेजारचे काका "काय करूलालाव मॅडम?" म्हणत आले, त्यांनी ओढली. मशीन नुसतं फस् फस् करतंय. काकांचं म्हणणं पडलं की पेट्रोलमध्ये ऑइल टाकायचं राहिलंय, त्यांच्या फवारणी पंपाला टाकतात तसं. नशीब घरात ऑइल नव्हतं. फवारणी पंप आणि खांद्यावरचे ग्रास कटर बरेचसे टू-स्ट्रोक असतात, त्यांच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. माझं फोर-स्ट्रोक निघालं, त्याला ऑइलची जागा वेगळी, पेट्रोल साधं. आपलं कोणतं हे ओळखायची सोपी खूण म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीचं वेगळं झाकण आहे का बघायचं.

रात्री खांदा असा दुखत होता की वेणी घालता येईना.

२ जून. कंपनीच्या टोल फ्री नंबरला फोन लावला. आता हा भाग थोडा लांबण लावून सांगते कारण आपल्याकडं सगळ्यांचं हेच होणार आहे. वीस मिनिटं गाणं ऐकल्यावर एका मुलीनं तक्रार लिहून घेतली, तक्रार क्रमांक मेसेजवर आला, ७२ तासांत फोन येईल म्हणाली. पण आधी मॉडेल नंबर, सिरीयल नंबर आणि बिल पाठवा. बिल भावजींच्या नावावर, २०२१ चं. त्यांनी पुण्याहून शोधून फोटो पाठवायला दोन दिवस लावले. मग कंपनीचं म्हणणं आलं की बिल ज्यांचं त्यांच्याच मोबाईलवरून तक्रार पाहिजे. भावजींनी परत तक्रार केली. दुसरा क्रमांक. आता सिरीयल नंबर पाहिजे, तो मशीनवर कुठं आहे म्हणलं तर "पट्टीवर". पट्टी वाळलेल्या गवतानं आणि चिखलानं बुजलेली, खालून कुठंतरी असेल म्हणून मी आणि माझ्या पोरीनं मिळून मशीन आडवं केलं. ज्या बाजूला पडलं त्या बाजूला.

हा माझा सगळ्यात मोठा गाढवपणा. तो लगेच कळला नाही, दोन-अडीच आठवड्यांनी कळला, त्यामुळं पुढं सांगते.

नंबर शेवटी मागच्या बाजूला, हँडलच्या बुडाशी सापडला, आडवं करायची काही गरज नव्हती. आणि ९ जूनला, म्हणजे ७२ तासांचे सात दिवस झाल्यावर, फोन आला की मॅडम तुमच्या पिनकोडला आमची सर्व्हिस नाही, मशीन पुण्याला आणून द्यावं लागेल, वॉरंटी संपलेली असल्यामुळं तपासणीचे पैसे वेगळे. लातूरहून पुण्याला लॉन मूव्हर कशानं न्यायचं, ट्रॅव्हल्सच्या डिकीत? तुम्ही नवीन घेत असाल तर दुकानातच विचारा की दुरुस्ती आमच्या गावात कोण करतं, नाव आणि फोन नंबर द्या, आणि बिलाचा नि सिरीयल नंबरच्या पट्टीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.

१० जून. आमच्या कॉलेजच्या शिपाईमामांनी एक चाचा सांगितले, फवारणी पंप, कडबाकुट्टीच्या मोटारी, ग्रास कटर सगळं करतात. खरं तर मी त्यांच्याकडं आधीच जाणार होते पण ७ जूनला बकरी ईद होती, दुकान दोन-तीन दिवस बंद. हँडलची घडी करून मशीन ऑटोत घातलं, ऑटोवाल्यानं दीडशे घेतले. आधी टाकीतलं पेट्रोल काढून घ्या असं चाचांनी फोनवरच सांगितलं होतं ते बरं झालं. ते पेट्रोल मी बाटलीत काढलं तर रंग चहासारखा आणि वास पेट्रोलचा नाहीच, जुन्या रंगाचा डबा उघडल्यावर येतो तसा.

चाचांनी वास घेतला आणि म्हणाले, "मॅडम, ये पेट्रोल नई रहा. कायकू रक्खे इत्ते दिन?"

मग त्यांनी कारबोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) खोलला आणि मी स्टुलावर बसून बघितलं. एका बोल्टवर त्याची खालची वाटी निघते, चहाच्या कपाच्या बुडाएवढी. त्या वाटीच्या तळाला हिरवट पांढरी पूड आणि एक चिकट थर, काकवी वाळल्यावर राहतो तसा. त्यांनी मधला पितळेचा जेट काढला, बारीक स्क्रूएवढा, त्याच्या भोकातून पेट्रोल जातं, आणि उन्हाकडं धरला. "दिखता क्या?" काही दिसलं नाही. दिसायला पाहिजे म्हणे, सुईच्या टोकाएवढा उजेड. त्यांनी वायरचा तुकडा सोलून त्यातली तांब्याची एकच तार घेतली आणि हळूहळू भोकातून फिरवली, सुई घालायची नाही, भोक मोठं होतं मग मशीन पेट्रोल जास्त पितं. स्प्रे मारला, हवा मारली, परत उन्हाकडं धरला. आता खरंच एक बारीक चांदणी दिसली. एवढ्या भोकासाठी मी दहा दिवस खांदा मोडून घेतला होता.

पेट्रोल असं का होतं ते पण त्यांनी सांगितलं आणि नंतर मी मॅन्युअलमध्ये पण वाचलं. पेट्रोल महिनाभरात शिळं व्हायला लागतं, हलका भाग उडून जातो आणि डिंकासारखा राळ मागं राहतो. वर आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, पाणी तळाला बसतं आणि वाटी गंजते. माझ्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल असं लिहिलंय, पंपावर आता २० टक्केवालं मिळतं. म्हणजे बघा, ज्या उसाचं इथेनॉल होतं तो ऊस आमच्याच मांजरा नदीच्या पट्ट्यातला, लातूरचं पाणी पिऊन वाढलेला, आणि शेवटी माझ्याच मशीनच्या वाटीत पाणी होऊन बसलेला.

ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग काळाकुट्ट होता, नवीन टाकला. प्लगच्या टोकाला जी फट असते ती माझ्या मशीनला ०.७ ते ०.८ मिलीमीटर पाहिजे, चाचांनी मोजपट्टी घालून बघितली, नवीन प्लगची पण बघावी म्हणे. वाटीची रबरी रिंग फुगून सैल झालेली, तशी रिंग लातूरला मिळेना, पार्सल मागवावं लागलं म्हणून सहा दिवस गेले. १६ जूनला मशीन घरी. मजुरी ३५०, प्लग १३०, रिंग आणि पेट्रोलची नळी ११०. त्यांच्या दुकानात त्यांच्याच पेट्रोलवर दोन झटक्यांत सुरू झालेलं मी स्वतः ऐकलं, धूर जरा येत होता पण त्याकडं लक्ष दिलं नाही.

आता घरी पेट्रोल पाहिजे. एवढं साधं.

१७ जून ला पाण्याची बाटली घेऊन पंपावर गेले तर पोरानं हातानंच नाही केलं. दुसऱ्या पंपावर तेच. तिसऱ्या पंपावर मॅनेजरला भेटले, लॉन मूव्हर म्हणजे काय हे मोबाईलवर फोटो दाखवून समजावलं, ते म्हणाले स्कूटीत भरा आणि घरी जाऊन नळीनं काढा. लोक हेच करतात. मला ते पटेना, नळी तोंडानं ओढताना पेट्रोल पोटात गेलेली माणसं ऐकलीत. मग कॉलेजच्या लायब्ररीत बसून मी १९३४ चा पेट्रोलियम कायदा वाचला (इतिहासवाल्यांना जुनी कागदं वाचायची खोड असतेच). त्यात विक्रीसाठी नसेल तर ३० लिटरपर्यंत पेट्रोल लायसन्सशिवाय ठेवता येतं, पण काचेच्या, चिनीमातीच्या किंवा धातूच्या घट्ट झाकणाच्या भांड्यात, काच-चिनीमाती असेल तर १ लिटरच्या आत आणि धातूचं २५ लिटरच्या आत. प्लास्टिकचं नावच नाही. म्हणजे बाटलीला नाही म्हणणारा तो पोरगा बरोबर होता आणि मी मनातल्या मनात त्याला दिलेल्या शिव्या फुकट गेल्या.

गंजगोलाईच्या बाजारात तीन दुकानं फिरून पाच लिटरचा पत्र्याचा कॅन घेतला, फिरकीचं झाकण, आत रबर, ४८० रुपये. २१ जून ला शनिवारी त्याच मॅनेजरकडं गेले, कॅन दाखवला, आधार दाखवलं, त्यांनी रजिस्टरमध्ये नाव, मोबाईल, गाडी नंबर आणि "गवत कापणे यंत्रासाठी" असं लिहून सही घेतली आणि दोन लिटर दिलं, २१० रुपये. कॅन खाली जमिनीवर ठेवून भरायचा, हातात किंवा स्कूटीवर धरून नाही. आणि दोन लिटरच, जास्त आणून ठेवलं की परत ते शिळं होणार. एखाद्या वेळी बंद-बिंद असला की सुट्टं पेट्रोल द्यायचंच नाही असे आदेश निघतात, तेव्हा वाद घालू नका.

२२ जून, रविवार. तिसऱ्या झटक्याला सुरू! आणि दुसऱ्या मिनिटाला असा पांढरा धूर की शेजारचे काका पाइप घेऊन आले. बंद केलं, घाबरून चाचांना फोन. त्यांनी एकच विचारलं, आडवं केलं होतं का?

तर ते. मशीन आडवं करायचं झालं तर एअर फिल्टर आणि कारबोरेटरची बाजू नेहमी आकाशाकडं पाहिजे. उलट केलं की इंजिनातलं ऑइल फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये उतरतं आणि मग ते जळत बसतं. मी झाकण उघडलं तर फिल्टरचा स्पंज ऑइलनं निथळत होता, चाचांनी कारबोरेटरच बघितला, फिल्टर उघडलाच नव्हता. स्पंज भांड्याच्या साबणानं कोमट पाण्यात दोन-तीनदा पिळून धुतला, सावलीत वाळवला, मॅन्युअलप्रमाणं दोन थेंब ऑइल लावून परत पिळून बसवला. कागदी फिल्टर असेल तर धुवायचा नाही हां, तो हलकेच आपटून धूळ पाडायची आणि फारच काळा झाला तर बदलायचा. संध्याकाळी परत सुरू केलं, पाचेक मिनिटं धूर आला आणि गेला. "जलने दो" एवढाच चाचांचा सल्ला होता.

मग मी हौसेनं कापायला घेतलं आणि उंचीचा दांडा सगळ्यात खाली ठेवला, म्हणजे परत लवकर कापायला नको. दुसऱ्या दिवशी लॉन खरूज झालेल्या कुत्र्यासारखं. एका वेळी वरचं एक तृतीयांश गवतच कापायचं असतं, पोटरीएवढं वाढलं असेल तर आठ-आठ दिवसांनी टप्प्याटप्प्यानं खाली यायचं. हरळी होती म्हणून वाचली. शिवाय गवताच्या पात्यांची टोकं पांढरी, चिंध्या झाल्यासारखी दिसत होती. ते ब्लेड बोथट असल्याचं लक्षण, गवत कापलं जात नाही, फाटतं.

२८ जून. ब्लेड काढायचं. याला मी सगळ्यात जास्त भ्याले होते आणि ते बरोबरच होतं. पहिलं काम, प्लगवरची जाड वायर ओढून काढायची आणि लांब अडकवून ठेवायची, कारण ब्लेड हातानं फिरवलं तरी इंजिन फिरतं आणि एखाद्या वेळी सुरू होऊ शकतं. ही वायर काढल्याशिवाय कुणीही, अगदी दगड अडकलाय म्हणून सुद्धा, मशीनखाली हात घालू नका. मग टाकी रिकामी, मशीन आडवं (यावेळी बरोबर बाजूला), ब्लेड फिरू नये म्हणून मध्ये लाकडाची फळी. बोल्ट हलेना. नवरा पान्यावर उभा राहिला तरी हलेना. रात्रभर डिझेल लावून ठेवलं, सकाळी एका हिसक्यात सुटला. ब्लेड काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढला होता, कारण त्याला सुलटं-उलटं असतं आणि ते बसवताना अजिबात आठवत नाही.

धार लावायला ग्राइंडरवाल्याकडं न्यायचं का म्हणून विचारलं तर चाचा म्हणाले तिथं तापवून निळं करतात, निळं झालेलं पातं मऊ पडतं. घिसाडी बाई बसतात तिथं नेलं. त्यांनी कानस घेऊन जुन्या उताराप्रमाणंच दोन्ही टोकांना धार काढली, ७० रुपये घेतले आणि म्हणाल्या, "बाई, हे विळ्यावानी लई पाजळायचं नसतंय, दगूड लागला की वाकतंय." खरंय, वस्तऱ्यासारखी धार नको. घरी येऊन भिंतीच्या खिळ्यावर मधल्या भोकात ब्लेड टांगून बघितलं, एक बाजू खाली जात होती, ती थोडी अजून घासली. दोन्ही बाजू समतोल नसल्या तर मशीन थरथरतं आणि इंजिनाचा दांडा खराब होतो.

६ जुलै, आषाढीचा रविवार, साबुदाणा खाऊन ऑइल बदललं. जुनं ऑइल गरम असताना पातळ होऊन नीट निघतं म्हणून आधी पाच मिनिटं मशीन चालवलं, बंद केलं, प्लगची वायर काढली, आणि जुन्या तेलाच्या डब्यात ओतून घेतलं. डांबर. माझ्या मशीनला १०डब्ल्यू-३० ऑइल अर्ध्या लिटरच्या थोडंसं वर लागतं, एक लिटरचा डबा ३९० ला आला, ५० तास चाललं किंवा हंगाम संपला की बदलायचं. पट्टीवरच्या वरच्या खुणेच्या पुढं भरायचं नाही, जास्त झालं तरी धूर येतो. काळं ऑइल सासूबाईंनी जिन्याच्या लाकडाला वाळवीसाठी मागून घेतलं, उरलेलं चाचांना दिलं. गटारीत ओतू नका.

खर्च सांगते, ऑटोचे दोन वेळचे ३०० धरून २,०४० रुपये झाले, त्यात कॅन आणि ऑइल पुढं पण कामाला येणार. माळीमामांच्या चार वेळच्या पैशांएवढे. वेळेचा हिशेब मी मांडलेला नाही.

१३ जुलैला पहिल्यांदा सगळं लॉन एका दमात कापून झालं. तेव्हापासून दर कापणीनंतर वायर काढून खालचं चिकटलेलं गवत लाकडी पट्टीनं खरवडते, ते तसंच वाळलं की पत्रा सडतो. ओलं गवत कापत नाही, गोळा होऊन अडकतं. आणि आधी एक फेरी मारून खडे, पोरीच्या गोट्या, नारळाच्या करवंट्या उचलते, मुरमाचा एक खडा उडून गेटला लागला होता तो आवाज अजून कानात आहे. चप्पल नाही, बूट.

सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यात लॉनचं कुणाला पडलं होतं, माहेरचं सोयाबीन पाण्यात उभं होतं, घरात कुणाला जेवण जाईना. साडेतीन आठवडे मशीनला हात नाही. ऑक्टोबरमध्ये दबकत दबकत दोरी ओढली, दुसऱ्या झटक्याला सुरू. पेट्रोलचा कॉक बंद करून, वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत चालवून ठेवलं होतं, तेवढंच केलं होतं मी.

आता ९ नोव्हेंबरला शेवटची कापणी झाली. टाकीतलं उरलेलं पेट्रोल स्कूटीत ओतलं, मशीन सुरू ठेवलं आणि थांबले. चार-पाच मिनिटांनी आवाज बारीक झाला, दोन उचक्या दिल्या आणि शांत. सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, "बंद पडलं काय गं परत?"

"नाही आत्या, बंद पाडलं."